त्रेचाळीस तोंडं

डॉक्टर जनाहींनी दिवा बदलला
आणि मला फोन केला चौथ्या दिवशी,
प्रवाळ मिटून खरजेच्या फोडांसारखं दिसायला लागल्यावर.

मुहर्रकमधला दातांचा दवाखाना,
पाण्याच्या कूलरशेजारी चार फुटी टाकी,
आणि नवा दिवा असा, की बाकावर बसलेल्यांच्या
भुवयासुद्धा निळ्या पडलेल्या.

"सूर्यप्रवाळ ना हे? मग याला ऊन नको?"
प्रश्न रास्त होता. नावावर कुणीही फसावं.
हे बेणं वाढतं कपारीच्या पोटात,
जिथे दुपार पोचते ती गाळून, शिळी होऊन.
उजेडावर पोट भरणारी प्रवाळं वेगळी.
याला घास लागतो,
प्रत्येक तोंडाला वेगळा.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात;
इथे हाती सोनंच आहे,
फक्त सोनूबाई ते चारचौघांत काढत नाही.

दिवा आणला पंधरा टक्क्यांवर.
काचेवर रोपवाटिकेची हिरवी जाळी, तीन पदरी.
दर नवव्या दिवशी एक पदर काढायचा,
दिवा पाच टक्के चढवायचा, आणि घाई करायची नाही.

रात्री दहाला दवाखाना बंद झाला की मी जायचो.
टॉर्चला लाल कागद.
आधी कोळंबीचं पाणी, एक थेंब, नुसता वास.
मग वीस मिनिटं बाकावर.
भिंतीवर जबड्याचं चित्र, दाढांना नंबर.

पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्री एक तोंड, तेही जांभईपुरतं.
पाचव्या रात्री सगळी त्रेचाळीस,
केशरी, ओली, बोटं पसरलेली,
आणि मी बिनसुईच्या सिरिंजमधून
एकेकाला भरवत बसलेला.
माझी आय हर्णैच्या बंदरावर कोळंबी सोलायची.
तिच्या नखांतला तो वास
आता माझ्या नखांत.

मग रोज अर्धा तास अलीकडे.
साडेनऊ. नऊ. साडेआठ.
पेशंट असताना, दिवा चालू असताना.
आतून डॉक्टरांचा आवाज: बट्टल हलजक,
बाहेर मी काचेला नाक लावून, मनात: आ कर गं, आ.
मारिसेल काउंटरवरून हसायची.

खोलीत दिगंबर साखरकर.
अकरा वर्षं ॲल्युमिनियमच्या भट्टीवर रात्रपाळी.
जूनमध्ये दिवसपाळी मिळाली, बढती म्हणून.
आम्ही पेढे खाल्ले.
तेव्हापासून रात्री तो छताकडे बघत पडायचा
आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीला ब्लँकेट.
उरलेली जाळी मी त्याच्या खिडकीला ठोकली.
"किती पदरी?"
"तीन. दर नवव्या दिवशी एक काढणार."
"काढून बघ," म्हणाला, आणि कुशीवर वळला.

ऑगस्ट संपता संपता
दुपारी चार वाजता, पूर्ण उजेडात,
बाहेर रस्ता डांबराच्या वासाने फुगलेला असताना,
प्रवाळ उघडलं.
एक लहान पोरगा, गाल सुजलेला,
ते बघता बघता स्वतःचं तोंड उघडं ठेवून उभा राहिला.
डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, असाच थांब,
आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्याची दाढ तपासली.

मी मोजली. एकेचाळीस.
पुन्हा मोजली.
दोन मिटलेलीच, खडकाच्या मागच्या अंगाला,
ओठ घट्ट, देवापुढे बसल्यासारखी.
त्यांच्यावर राग नाही येत.

त्याच आठवड्यात दिगंबरने अर्ज देऊन
रात्रपाळी परत मागून घेतली.
पगार चौदा दिनार कमी.
जाळी मात्र तशीच ठेव म्हणाला.

त्या दोघांसाठी मी अजून रात्री दहाला जातो.
लाल कागद, एक थेंब, वीस मिनिटं.
दवाखान्यासमोरून भट्टीची बस वळते तेव्हा
मी सिरिंज धरलेला हात वर करतो.
बसच्या काचा काळ्या आहेत.
आतून कुणी हात केला की नाही
कळत नाही.